सरकलेला उंचवटा

१

वैद्यबाई चारा संशोधन केंद्रात पोचल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि एका बाईची सात वर्षं मेजावर निकालात निघाली होती.

मेजावर होत्या बोटाएवढ्या सहा काचेच्या बाटल्या, त्यांच्या झाकणांवरून नुकत्याच फाडलेल्या कागदी पट्ट्या आणि संगणकाचा पडदा. पडद्यावरच्या आलेखात एक उंचवटा होता, पण असायला हवा तिथं तो नव्हता. जरासाच उजवीकडे सरकला होता, नखभर म्हणा. त्या नखभरासाठी तीन परीक्षक तोंड लांब करून बसले होते आणि दाराशी एक सडपातळ बाई ओढणीचं टोक पिळत उभी होती.

वैद्यबाई कुणाला काढे-चूर्णं देत नाहीत. त्या प्रयोगशाळांमधली यंत्रं दुरुस्त करतात. यंत्र उघडण्याआधी त्याच्यावर तळवा ठेवून क्षणभर उभं राहायची त्यांना खोड आहे, म्हणून कुणीतरी थट्टेनं हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. आज त्यांना बोलावलं होतं ते इथल्या इन्फ्रारेड यंत्रासाठी.

दाराशी उभी होती ती लसूणताई. लसूणघासावर काम करते म्हणून लसूणताई. खरं नाव हजेरीपटातच काय ते सापडेल. सात वर्षं खपून तिनं लसूणघासाचा नवा वाण काढला होता. त्यातली प्रथिनं गुरांना जास्त चांगली पचतात असा तिचा दावा होता आणि तीन महिन्यांपूर्वी याच यंत्रावर तिनं तो आलेखानिशी मांडला होता. त्याच वेळी नमुने बाटल्यांत भरून, झाकणांवर केंद्रप्रमुखांच्या सहीच्या पट्ट्या चिकटवून ठेवले होते. आज साडेनऊला तिनं बाटल्या काढून दिल्या; परीक्षकांनी सही तपासली, पट्ट्या स्वतःच्या हातानं फाडल्या, पावडर यंत्रावर ठेवली. आलेख आला तो भलताच.

परीक्षकांच्या अध्यक्षबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, "यंत्र बिघडलंय का, एवढं तुम्ही बघा. बिघडलं नसेल तर खोटे आलेख सादर केल्याचा ठपका ठेवून आम्ही चार वाजता निघू."

म्हणजे वाण तर गेलाच, पण बाई पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेची पायरी चढू शकणार नाही. हे सगळ्यांना कळलं.

वैद्यबाईंनी तळवा टेकवला, मग कामाला लागल्या. त्यांच्या पेटीत प्लॅस्टिकची एक पारदर्शक पट्टी असते. तिचे उंचवटे कुठं यायला हवेत हे त्यांना तोंडपाठ होतं. पट्टी लावली, बटण दाबलं, आणि एकूण एक उंचवटा आपापल्या जागी येऊन उभा राहिला. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं.

"यंत्र ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. म्हटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण लसूणताईच्या पायाखालची शेवटची फळी काढून घेतली आहे.

२

परीक्षक चहाला गेले. वैद्यबाईंचं काम खरं तर संपलं होतं. पेटी बंद करून बिल पाठवायचं की झालं. पण पेटीचं झाकण काही त्यांच्या हातानं लावलं जाईना.

"तुझं म्हणणं काय?" त्यांनी लसूणताईला विचारलं.

"मी खोटं केलं नाही," ती म्हणाली. "पण आजचा आलेखही खोटा नाही. मला कळतंच नाहीये काही."

हे उत्तर वैद्यबाईंना आवडलं. खोटारडी असती तर तिनं यंत्राला, परीक्षकांना, नाहीतर नशिबाला शिव्या घातल्या असत्या.

आता तो उंचवटा म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रथिन म्हणजे एक लांबलचक धागा. तो कधी वेटोळी घालून बसतो, कधी कापडासारख्या चपट्या घड्या करून बसतो. वेटोळी गुरांच्या पोटात भराभर सुटतात. घड्या मात्र चिवट, सुटता सुटत नाहीत. इन्फ्रारेड प्रकाश पावडरवर पडला की वेटोळी एका ठिकाणी तो शोषतात आणि घड्या दुसऱ्या ठिकाणी. आलेखावर वेटोळ्यांचा उंचवटा सोळाशे पंचावन्नला येतो, घड्यांचा सोळाशे तीसला. तीन महिन्यांपूर्वी लसूणताईचा उंचवटा पंचावन्नला होता. आज तो तीसला होता.

"कुणी बाटल्यांतला घासच बदलला असेल," लसूणताई पुटपुटली. "सीलबंद बाटलीतला कसा बदलणार, तेही कळत नाही."

वैद्यबाईंनी जुना आलेख आणि नवा आलेख एकावर एक ठेवले आणि खुर्ची पुढं ओढली. पानावरच्या मेणाचे दोन सुळके जिथल्या तिथं होते. देठातल्या काष्ठाचा उंचवटा तोच, साखरेचा डोंगर तोच, अगदी त्याच्या खांद्यावरची बारीक खोकसुद्धा तीच. फरक फक्त प्रथिनात होता.

"घास तोच आहे," त्या म्हणाल्या. "कणभरही बदललेला नाही. बंद बाटलीत बसून त्याच्या प्रथिनानं वेटोळी सोडली आणि घड्या घातल्या."

"तसं आपोआप होत नाही."

"नाहीच होत. कुणीतरी तसं केलंय."

३

सगळ्यात आधी संशय केंद्रप्रमुखांवर, म्हणजे सरांवर जात होता. पट्ट्यांवर सही त्यांची. आणि लसूणताईचा वाण ज्या जुन्या वाणाला शेतातून उठवणार होता तो वाणही त्यांचाच, वीस वर्षांपूर्वीचा, त्यांच्या उमेदीच्या काळातला. त्याचा फोटो त्यांच्या खोलीत अजून भिंतीवर होता, बायकोच्या फोटोच्या शेजारी आणि तिच्यापेक्षा मोठा.

वैद्यबाईंनी विचारलं तेव्हा सर चिडलेच. मी दावा मान्य केला नसता तर नमुने सील तरी कशाला केले असते, असं त्यांनी सुनावलं. यंत्राला मी हात लावत नाही, कागदावर छापून आणलं तरच बघतो, हेही सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझा वाण हरला तर मला वाईट वाटेल, हे खरं आहे. पण या पोरीला खोटारडी म्हणतायत त्याचं जास्त वाटतंय."

वैद्यबाई यंत्राकडे परतल्या आणि त्यांनी कुणीच न केलेली गोष्ट केली. सहापैकी तीन बाटल्या लसूणताईच्या वाणाच्या होत्या आणि तीन तुलनेसाठी ठेवलेल्या, सरांच्या वाणाच्या. त्या तीन बाटल्यांचा आजचा आलेख परीक्षकांनी घेतला होता, पण तो जुन्याशी ताडून पाहिला नव्हता. सरांचा वाण पचायला जड असतो हे जगजाहीर. आजही जड निघाला, मग बघायचं काय? वैद्यबाईंनी ताडून पाहिला. तीन महिन्यांपूर्वी त्याचा उंचवटा पंचेचाळीसला होता. आज तोही तीसला उतरला होता.

म्हणजे सहाही बाटल्या बिघडल्या होत्या. लसूणताईचा घात करायचा असता तर तिच्या तीन बाटल्या पुरल्या असत्या. सर आपल्याच वाणाला आणखी जड करून ठेवणार नाहीत. ज्यानं हे केलं त्याला कोणती बाटली कुणाची याच्याशी कर्तव्यच नव्हतं.

त्यांनी फाटलेल्या पट्ट्या उजेडात धरल्या. कागद शाबूत, सही स्पष्ट. पण पट्टीवरून मारलेली चिकटपट्टी पिवळी पडली होती आणि तिच्या कडा वाळक्या पानासारख्या आत वळल्या होत्या. तीन महिन्यांत चिकटपट्टी इतकी म्हातारी होत नाही.

उष्णता. उष्णतेला सील फोडावं लागत नाही. ती काचेतून सरळ आत शिरते. आणि कोरड्या धगीत प्रथिनाची वेटोळी मोडून घड्या होतात, हे तर लसूणताईला शाळकरी धड्यासारखं पाठ होतं.

"बाटल्या कुठं ठेवल्या होत्यास?" वैद्यबाईंनी विचारलं.

ती त्यांना भट्टीच्या खोलीत घेऊन गेली. नमुने वाळवायची लोखंडी भट्टी तिथं होती. भट्टीबाहेर, तिच्या खाली असलेल्या फळीवर रिकाम्या डब्यांच्या रांगेत स्टीलचा एक डबा होता, सिलिकाच्या खड्यांनी भरलेला. हे खडे हवेतला ओलावा ओढून घेतात. बाटल्या तिनं खड्यांच्या तळाशी पुरून ठेवल्या होत्या; वरून पाहणाऱ्याला फक्त खडे दिसत. डब्यावर चिठ्ठी नव्हती. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून मुद्दामच लावली नव्हती, असं ती म्हणाली.

डब्यातले खडे छान गडद निळे होते.

"आज सकाळच्या आधी हे कधी पाहिले होतेस?"

"तीन आठवडे झाले. तेव्हा पार गुलाबी झाले होते. सुकवायचे राहून गेले. आज सकाळी धांदलीत रंगाकडे लक्षच गेलं नाही." बोलता बोलता ती थांबली आणि डब्याकडे बघतच राहिली.

कारण खडे कोरडे असले की निळे असतात, पाणी प्याले की गुलाबी होतात, आणि गुलाबी खडे पुन्हा निळे करायचा एकच उपाय कुठल्याही प्रयोगशाळेत चालतो: एकशेवीस अंशांच्या भट्टीत दुपारभर ठेवायचे.

४

खडे सुकवायचं काम भांडारकाकांचं. वैद्यबाईंनी त्यांना गाठलं तेव्हा ते बरण्या पुसत होते. दर शनिवारी आपण खडे पसरट ट्रेमध्ये ओततो, एकेक थर लावतो आणि मगच भट्टीत ठेवतो, असं त्यांनी सविस्तर सांगितलं. इतकं सविस्तर की वैद्यबाईंना घड्याळाकडे बघावं लागलं. ओतले असते तर बाटल्या खडखडून बाहेर आल्या असत्या. शिवाय या महिन्यात काका बारा दिवस रजेवर होते, मुलीच्या बाळंतपणासाठी. तो स्टीलचा डबा लसूणताईचा आहे हे त्यांनाही आज सकाळीच कळलं.

"आणि ते खडे आपले नव्हेत," काका म्हणाले. "ती जुनी खरेदी, वाटाण्याएवढी. मी आणतो ते मोहरीएवढे."

म्हणजे काका नसताना कुणाला तरी कोरडे खडे हवे होते. मोहरीएवढे सगळे ओले झालेले. त्याला फळीवर गुलाबी खड्यांचा बिनचिठ्ठीचा डबा दिसला आणि तो त्यानं आहे तसा भट्टीत सरकवला. पण कुणी?

वैद्यबाई पुन्हा यंत्रापाशी आल्या. माणसं विसरतात, लपवतात, रजेवर जातात. यंत्र घेतलेला एकेक आलेख तारखेसकट सांभाळून ठेवतं. काका रजेवर होते त्यातल्या एका आठवड्यात लसूणताई बियाणं गोळा करायला शेतावर होती. त्या दिवसांचे आलेख एकाच माणसाचे होते. सोमवारचे, मंगळवारचे, बुधवारचे सगळे करवतीसारखे दातेरी. खोलीतली हवा दमट असली की वाफेचे असे दात येतात. गुरुवारी सकाळचा आलेख पाहिला तर स्वच्छ, एकही दात नाही.

त्यांनी स्क्रू काढले, यंत्राचं झाकण उचललं आणि आत टॉर्च मारला. नमुना ठेवायच्या कप्प्याच्या कोपऱ्यात काचेची एक बशी होती. कंपनी अशी बशी देत नाही. बशीत खडे होते, फिकट पडत चाललेले निळे.

वाटाण्याएवढे.

आलेखांवर ज्याचं खातं होतं ते नाव वैद्यबाईंनी वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. तो त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता.

५

केंद्रात त्याला पैलवान म्हणत. सहा फूट उंची, दार भरून टाकणारे खांदे, आणि आवाज मात्र लाजरा. तीस वर्षांचा होता, कंत्राटी संशोधक म्हणून इथं लागला होता, आणि कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. सकाळपासून तो वैद्यबाईंच्या समोर आला नव्हता. एरवी मावशी आली की दहा मिनिटांत हजर व्हायचा.

तो त्यांना भट्टीच्या खोलीत सापडला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि बशी त्याच्यापुढं धरली.

"मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. नुसते खडे दिसत होते गं."

"ते मला ठाऊक आहे. तुला कधी कळलं?"

"सकाळी. ताईंनी खड्यांत हात घालून बाटल्या काढल्या तेव्हा."

"तेव्हा साडेनऊ वाजले होते. आता पावणेतीन झालेत."

डबा भट्टीत ठेवणं ही चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. पण साडेनऊ ते पावणेतीन गप्प बसणं ही नुसती चूक नव्हती, आणि हे त्यालाही कळत होतं, कारण तो रडायला लागला होता. कंत्राटाचं काहीतरी बोलला, सर काय म्हणतील याचं काहीतरी बोलला.

वैद्यबाईंना त्याची दया आली आणि त्याच दमात रागही आला. या पोराला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्या म्हणाल्या, "मी तिथं जाऊन सगळं मांडणार आहे. कुणी केलं ते मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण ते मी सांगायच्या आधी तू सांगितलंस तर मला जास्त बरं वाटेल."

त्या निघून आल्या.

६

अध्यक्षबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. सहाही बाटल्यांचा सरकलेला उंचवटा, पिवळी चिकटपट्टी, गुलाबीचे निळे झालेले खडे. मग पेन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बाटल्या तापल्या हे पटतंय. पण न तापलेल्या पावडरीत वेटोळी होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि तापवल्या कुणी? या बाईंनीच तापवल्या असतील, जुनं खोटं झाकायला."

चारला पन्नास मिनिटं होती.

"कुणी ते सांगतेच. आधी ताजा घास आणून बघा," वैद्यबाई म्हणाल्या.

सर खिन्नपणे म्हणाले की दोन्ही वाणांचे वाफे आठ दिवसांपूर्वी मुळाशी कापले आहेत.

"सर, लसूणघास आहे तो," लसूणताई म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा लागला. "आठ दिवसांत वीतभर फुटला असेल."

"मी आणतो," दारातून कुणीतरी म्हणालं.

पैलवान आत आला. त्यानं मावशीकडे पाहिलं नाही, सरांकडे पाहिलं नाही. थेट अध्यक्षबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "डबा मी भट्टीत ठेवला होता. आत बाटल्या आहेत हे माहीत नव्हतं. सकाळी कळलं, तरी मी गप्प बसलो. ताईंचा यात काही दोष नाही." एवढं बोलून तो वळला आणि शेताकडे धावत सुटला. वेटोळी निघतील की घड्या, हे तोवर जगात कुणालाच माहीत नव्हतं.

बारा मिनिटांत तो दोन जुड्या घेऊन परत आला, धापा टाकत, गुडघ्यापर्यंत चिखल. ओला घास यंत्रावर ठेवून उपयोग नसतो. पाणी नेमकं त्याच जागी आपला उंचवटा काढतं आणि प्रथिनाला झाकून टाकतं. म्हणून लसूणताईनं पानं खलात कुटली, रस गाळला आणि त्याचा एक थेंब यंत्राच्या इवल्याशा हिऱ्याच्या खिडकीवर ठेवला. वैद्यबाईंनी पेटीतली नळी काढून त्याच्यावर कोरडी हवा सोडली. दुसरा थेंब काचेवर सारवून, तसाच वाळवून भट्टीत गेला. हे सगळं अध्यक्षबाईंच्या डोळ्यांदेखत झालं. त्या खुर्ची सोडून खलाजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

थेंब आक्रसत गेला. हिरवा पापुद्रा राहिला. लसूणताईच्यानं बटण दाबवेना. ते अध्यक्षबाईंनी दाबलं.

रेघ पडद्यावर सरकत आली. सतराशे, सोळाशे नव्वद, सोळाशे सत्तर. मग ती चढायला लागली आणि सोळाशे पंचावन्नवर माथा गाठून खाली उतरली. खोलीत एकदम सगळे बोलायला लागले. सरांचा वाण लावला, तो पंचेचाळीसला थांबला. पावणेचारला भट्टीतली काच काढून लावली, आणि लसूणताईच्या त्याच घासाचा उंचवटा सगळ्यांच्या समोर तीसला येऊन बसला.

सर पुढं झाले आणि लसूणताईच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. तिला रडू आवरेना आणि ती ते आवरतही नव्हती.

अध्यक्षबाईंनी ठपक्याचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. वाणाला मान्यता एका थेंबावर मिळत नसते, त्यासाठी नवे नमुने आजच सील होतील आणि महिन्यानं परत तपासू, असं त्यांनी सांगितलं. मग पैलवानाकडे एक कोरा कागद सरकवला. झालं ते सगळं लिहून दे, सकाळपासून गप्प बसलास तेही लिही, म्हणाल्या.

सगळे गेले तरी तो लिहीत होता. एवढासा पेन त्याच्या त्या पंजात हरवल्यासारखा दिसत होता. वैद्यबाईंनी यंत्राचे स्क्रू लावले, पेटी बंद केली आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या.

"नोकरी जाईल ना गं?" त्यानं विचारलं.

"बहुतेक जाईल."

त्यानं सही केली. कागद दोनदा वाचला. "मावशी, आईला तू सांगशील?"

"नाही," वैद्यबाई म्हणाल्या. "तूच सांगायचंस. मी शेजारी बसेन."